भागधारक : नावाचा मालक?

कोल्हापुरातील गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी येथील जुन्या पेढ्यांवर भागीदारीची एक साधी रीत होती. वर्षअखेरीस आधी देणी भागवायची, मग नोकरांचे पगार व बक्षिसी, आणि उरलेला नफा ठरलेल्या वाट्याप्रमाणे भागीदारांत वाटायचा. मुनिमाने पेढी वाढविली तर त्यालाही नफ्यात आणा-दोन आणे भाग मिळे. पण तो कोणाच्या वाट्यातून जाणार, हे सर्व भागीदारांसमोर ठरत असे. याच घराण्यांची बचत पुढे शेअर बाजारात गेली आणि भागीदाराचा ‘भागधारक’ झाला. आज अनेकांच्या तोंडी एकच तक्रार असते. कंपनी एका हाताने स्वतःचे समभाग परत विकत घेते, दुसऱ्या हाताने ते अधिकाऱ्यांना वाटते, आणि सामान्य भागधारकाच्या पदरी लाभांश मात्र रुपयाचा. ही तक्रार कितपत खरी आहे?

राज्यातीलच एक दाखला या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तूप बनविणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तीच आजची विप्रो. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे समभाग घेतले व पिढ्यानपिढ्या जपले. बोनस समभागांनी त्यांची संपत्ती कितीतरी पटींनी वाढली. कंपनीवर एवढा विश्वास क्वचितच कोणत्या गावाने टाकला असेल.

जून 2023 मध्ये या कंपनीने प्रत्येकी 445 रुपये दराने सुमारे 27 कोटी समभाग परत घेतले. त्यासाठी 12,000 कोटी रुपये खर्च झाले. 2022-23 आणि 2023-24 या दोन्ही वर्षांत लाभांश होता समभागामागे 1 रुपया. 2023-24 मध्ये उत्पन्न व नफा दोन्ही घटले. तरीही एप्रिल 2024 मध्ये पद सोडणारे मुख्य कार्यकारी अधिकारी थिएरी डेलापोर्ट यांचे त्या वर्षाचे मानधन सुमारे 2 कोटी डॉलर, म्हणजे 160 कोटी रुपयांहून अधिक होते. समभागांचे मूल्य आणि पद सोडतानाची रक्कम त्यातच होती. वरिष्ठांना असे समभाग 2 रुपये या दर्शनी किमतीला मिळतात. एकीकडे 445 आणि दुसरीकडे 2, हे आकडे शेजारी ठेवले की भागधारकाचा संताप समजतो.

मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. विप्रोतील एकूण समभागांची संख्या या पुनर्खरेदीने खरोखर कमी झाली. उरलेल्या प्रत्येक समभागाचा मालकीतील वाटा तेवढा वाढला. पुनर्खरेदीकडे कल असण्यामागे कराचेही कारण होते. 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावर भागधारकाला स्वतःच्या टप्प्यानुसार कर द्यावा लागतो. पुनर्खरेदीवरील कर मात्र तेव्हा कंपनी भरत असे आणि भागधारकाच्या हाती ती रक्कम करमुक्त येई. मोठ्या भागधारकांना ते सोयीचे होते. 1 ऑक्टोबर 2024 पासून ही रक्कम लाभांशाप्रमाणे करपात्र ठरविण्यात आली. म्हणून समभाग परत देण्यापूर्वी चालू वर्षाचा नियम कर-सल्लागाराला विचारावा. नोंद दिनांकाला 2 लाख रुपयांपर्यंतचे समभाग असणाऱ्या लहान भागधारकांसाठी 15 टक्के हिस्सा राखीव असतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

खरी मेख कायद्यातील एका अपवादात आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 68 नुसार पुनर्खरेदीनंतर सहा महिने त्याच प्रकारचे नवे समभाग काढता येत नाहीत. पण आधी मान्य झालेल्या कर्मचारी समभाग योजनांना यातून सूट आहे. त्यामुळे एखाद्या कंपनीत भागधारकांच्या पैशाने घटविलेली संख्या अधिकाऱ्यांना वाटलेल्या समभागांनी पुन्हा भरून निघू शकते. तेथे पुनर्खरेदीचा फायदा कोणाला झाला, हे विचारलेच पाहिजे.

हे ओळखण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. वार्षिक अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात : पाच वर्षांत समभागांची एकूण संख्या कशी बदलली, अधिकाऱ्यांना किती समभाग कोणत्या किमतीला दिले, आणि संचालकांचे मानधन मध्यम वेतनाच्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. हे गुणोत्तर नोंदीत कंपन्यांनी जाहीर करणे बंधनकारक आहे.

त्यानंतर मत द्यावे. 2014 साली टाटा मोटर्सच्या काही उच्चाधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव आवश्यक तीन-चतुर्थांश मते न मिळाल्याने फेटाळले गेले आणि कंपनीला पुन्हा भागधारकांपुढे जावे लागले. विप्रोसारख्या, प्रवर्तकांकडे सुमारे 73 टक्के हिस्सा असलेल्या कंपनीत लहान भागधारकाच्या मताचे वजन थोडेच. तेथे समभाग ठेवावा की विकावा, हाच त्याचा खरा अधिकार उरतो. परंतु जेथे मत चालते, तेथेही ते घरबसल्या देण्याची सोय असताना बहुतेक जण मतदानाची सूचना न उघडताच पुसून टाकतात.

पेढीवर जो भागीदार हिशेबाला बसत नसे, त्याला पुढे मुनिमाविषयी बोलण्याचा अधिकार कोणी देत नसे. भागधारकालाही हाच न्याय लागू पडतो.