काचेचा सांधा

अब्बा टेलिफोनच्या केबली जोडायचे. तांब्याच्या तारा चिमटीत पिळून सांधा करायचा, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. धाकटा भाऊ आता तेच काम काचेवर करतो. अब्बांच्या मते ते यंत्राचं काम, हाताचं नव्हे.

गेल्या रमजानमध्ये खोदकामात मोहल्ल्याची फायबर केबल तुटली. भाचीच्या प्रवेशअर्जाची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. भाऊ इफ्तारची खजूर तोंडात टाकून निघाला. टॉर्च घेऊन मागोमाग अब्बा, आणि त्यांना सांभाळायला मी.

केबलमध्ये बारा तंतू होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी... अब्बा एकदम म्हणाले, "अरे, हा तर आमचाच क्रम!"

भावाने आवरण सोललं, तंतू अल्कोहोलने पुसला, क्लीव्हरने काटकोनात कापला. तंतू 125 मायक्रॉन जाडीचा, त्यात प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. यंत्राने दोन्ही टोकं समोरासमोर आणली, ठिणगी पडली, काच वितळून एक झाली. पडद्यावर अंदाजे लॉस 0.02 डेसिबल. एका सांध्याला 0.4 आला. लोक ओरडत होते, "चालेल की!" भावाने तो तोडून पुन्हा केला.

सातव्या तंतूला अब्बांनी त्याचा हात धरला. "स्लीव्ह?"

भाऊ घाईत विसरला होता. सांध्याला आधार देणारी ती नळी आधीच ओवावी लागते. सांधा झाल्यावर घालता येत नाही. तांब्यालाही तोच नियम होता.

अकरा सांधे झाले आणि यंत्राची बॅटरी संपली. उरलेला तंतू आमच्याच गल्लीचा. भावाने मेकॅनिकल स्प्लाइस काढला: बारीक खाचेत दोन टोकं भिडवायची, मधल्या फटीत जेल, वरून क्लिप दाबायची. इथे काच वितळत नाही, नुसती टेकलेली असते. लॉस जास्त, पण नेट आलं. अकरा चाळीसला अर्ज गेला.

सहरीला जाग आली तेव्हा अब्बा भावाच्या उशाशी बसले होते. चार्ज झालेलं यंत्र पुढ्यात.

"ऊठ बेटा, खाऊन घे. तो एक सांधा कच्चा राहिलाय."