तहसील कचेरीतले पाहुणे

सासूबाई इंदापूरहून दिल्लीला आल्या, त्या २०१६ च्या जून महिन्यात. सासरे जाऊन तीन महिने झाले होते. मुलाने हट्टच धरला म्हणून त्या आल्या, पण मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. हिंदी कळायची, बोलायला मात्र जीभ वळायची नाही. सूनबाईने काही विचारले की ‘‘हो’’, ‘‘नको’’, ‘‘ठेव तिथे’’. भांडण असते तर निदान मिटवता तरी आले असते!

सप्टेंबरात नातवाला शाळेतून एका पक्ष्याची माहिती लिहून आणायला सांगितली. मुलगा दौऱ्यावर. शेवटी सूनबाईच दोघांना घेऊन पुराना किल्ल्याशेजारच्या प्राणिसंग्रहालयात गेली. वाघ, हत्ती झाले. तळ्याशी येताच एकच कलकलाट कानांवर आला. पाण्यातल्या बेटांवरची झाडे पांढऱ्या पक्ष्यांनी लगडली होती. लांब, पिवळी, टोकाशी किंचित खाली वळलेली चोच. नारिंगी, बिनपिसांचे डोके. छातीवर काळा-पांढरा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाल सांडावा तशी गुलाबी पिसे.

‘‘आई, यांना पिंजरा कसा नाही?’’ नातवाने विचारले. सूनबाई माहितीचा फलक शोधू लागली.

‘‘पिंजरा कशाला? ते आपल्या मनाने आलेत,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘चित्रबलाक तो! आपल्या तहसील कचेरीतला.’’

इतके लांब वाक्य त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच बोलल्या.

त्यांचे म्हणणे खरेच होते. हे प्राणिसंग्रहालय १९५९ साली उघडले आणि पुढच्याच वर्षापासून हे रानपक्षी तिथे घरटी बांधू लागले. पावसाळा सरता सरता यायचे, पिल्ले उडती झाली की उन्हाळ्याच्या आत निघून जायचे. बहुतेक अन्न ते बाहेरच्या यमुनेकाठच्या उथळ पाण्यातून आणतात. प्रा. अब्दुल जमील उर्फी यांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २०११ मध्ये या एकाच पक्ष्यावर ग्रंथ लिहिला.

सासूबाईंचा अभ्यास मात्र कचेरीच्या आवारातला. सासरे तिथे कारकून होते. चिंचेच्या झाडांवर घरटी, खाली साहेबांच्या जीपपासून शिपायाच्या सायकलीपर्यंत सगळ्यांवर पांढरा सडा. ‘‘पण तिकडे पिल्लं ऐन उन्हाळ्यात,’’ त्या नातवाला सांगत होत्या. ‘‘उजनीचं पाणी उतरलं की मासे उथळात सापडतात ना! आणि ऊन तापलं की आईबाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. अगदी छत्रीसारखी.’’

‘‘गढूळ पाण्यात मासा दिसतो कसा?’’

‘‘दिसत नाहीच. चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवायची, पायानं चिखल ढवळायचा. मासा चोचीला लागला की मिटली!’’

मग बोलता बोलता त्या थांबल्या. एका मे महिन्यात सासऱ्यांनी घरट्यातून पडलेले पिल्लू पंचात गुंडाळून घरी आणले होते. बाजारातून चिलापी आणून त्याला भरवत होते. घरभर वास सुटला. ‘‘मी फार बोलले त्यांना. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं. त्यानंतर कधी पिल्लू घरी आणलं नाही त्यांनी. मी म्हटलं, बरं झालं.’’

सूनबाई काही बोलली नाही. पर्समधली पाण्याची बाटली काढून तिने त्यांच्या हातात दिली.

ऑक्टोबरात बर्ड फ्लूने तिथले जलपक्षी मरू लागले आणि प्राणिसंग्रहालयाचे दरवाजे बंद झाले. आता सासूबाई सकाळी चहाआधी विचारत, ‘‘पेपरात काय आलंय गं?’’ सूनबाई हिंदी बातमी मराठीतून वाचून दाखवी. बातमी नसेल त्या दिवशीही दोघी तिथेच बसून राहत. कधी चित्रबलाकांवरून गोष्ट सासऱ्यांवर जाई, कधी सूनबाईच्या माहेरावर. नातवाच्या वहीला शाळेत कोणता शेरा मिळाला, ते विचारायचे दोघींनाही सुचले नाही!

प्राणिसंग्रहालय पुन्हा उघडल्यावर तिघे गेली. झाडांवरची गर्दी विरळ झाली होती. काठावर तीन-चार मळकट, तपकिरी पक्षी उभे होते. ‘‘हे वेगळे का?’’ नातू हिरमुसला.

‘‘वेगळे नाहीत. यंदाची पिल्लं आहेत ती. गुलाबी रंग यायला अजून अवकाश आहे,’’ सासूबाई म्हणाल्या आणि एकेक मोजू लागल्या.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारले, ‘‘शाळेला सुट्टी कधी लागते गं?’’

‘‘मे महिन्यात. का हो आई?’’

‘‘इंदापूरला तेव्हा पिल्लं असतात.’’

सूनबाईने त्याच रात्री तीन तिकिटे काढली. सामानात एक जुनी छत्रीही भरायची, असे सासूबाईंनी बजावून ठेवले. चिंचेखाली उभे राहायचे तर ती लागणारच होती.