रुमालावरची चिठ्ठी

श्रीवर्धन हे पेशवे घराण्याचे मूळ गाव. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले आणि पुढे त्या कारभाराचा जो कागद साठला, तो पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेला आहे. कागदांची चळत कापडात घट्ट बांधायची आणि ओळखीसाठी वर चिठ्ठी लावायची. ती चिठ्ठी गळाली की आतला कागद शाबूत असूनही हरवल्यासारखाच.

संगणकावरची झिप फाइल हाही एक रुमालच होय. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ही पद्धत आणली. पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच ठेवून पुढे केवळ त्याचा निर्देश करायचा, असे तिचे तत्त्व. छायाचित्रे मात्र जेपेग स्वरूपात आधीच आवळलेली असतात. झिपमुळे ती लहान होत नाहीत, एकत्र बांधली जातात इतकेच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवे सुपारीचे झाड फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर वाडी कशी होती याचा दाखला जुन्या छायाचित्रांतच. ती मुंबईच्या मुलीला, परदेशातल्या नातवाला पाठवायची, तर इकडे विंडोज, तिकडे मॅक किंवा लिनक्स. रुमाल पोहोचतो, चित्रेही उघडतात. पण ‘आजी, आगराची विहीर’ या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मूळ झिप पद्धत इंग्रजी व युरोपीय अक्षरे गृहीत धरून बेतलेली होती. नाव युनिकोडमध्ये आहे, हे सांगणारी खूण तिच्या नियमांत २००६ मध्ये आली, आणि ती न लावणारी साधने पुढेही वापरात राहिली.

मराठीची आणखी एक खोच आहे. ‘किनाऱ्याची वाडी’ यातला ‘ऱ’ विंडोज एकच अक्षर म्हणून साठवू शकते; मॅकची जुनी पद्धत मात्र त्याचे ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकडे करते. डोळ्यांना नाव तेच, यंत्राला वेगळे. मग शोधूनही फाइल सापडत नाही! ‘७/१२’ हे नाव तर मॅक स्वीकारतो, पण विंडोज व लिनक्स यांना त्यातली तिरकी रेघ चालत नाही; तेथे ‘सातबारा’ असे अक्षरी लिहिलेले बरे.

जाणती घरे म्हणून फाइलींना साधे क्रमांक देतात आणि कोणत्या क्रमांकात कोण, कोठे, कोणत्या साली, याची मराठी यादी युनिकोड मजकुराच्या स्वतंत्र फाइलीत त्याच रुमालात घालतात. पलीकडे रुमाल सोडून यादी वाचता आली, असा निरोप येईपर्यंत इकडची मूळ प्रत पुसत नाहीत. वाडीतली माणसे चेहऱ्यावरून ओळखणारी आजी अजून घरात असेल, तर ती यादी तिच्याशेजारी बसूनच लिहिली जाते.