वारा पाठीशी

आमच्या शाळेच्या कपाटावर पृथ्वीचा एक जुना गोल आहे. मुलांच्या बोटांनी त्यावरच्या हिंदी महासागराचा रंग केव्हाच उडाला. धाकटी बहीण लग्न होऊन न्यूयॉर्कला गेली, तेव्हा आईने विचारले, "कुठेशी आलं रे ते?" दुसऱ्या दिवशी मी तो गोल काखेत मारून घरी आणला.

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, जरा वरच्या अंगाला दिसते. अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक ओलांडला, की आलेच! पण गोलावर मुंबईपासून दोरा ताणून धरा; तो हट्टाने उत्तरेला सरकतो. मॉस्कोजवळून जातो, आइसलँड ओलांडतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला शिवून खाली उतरतो. जवळची वाट हीच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची. वारे पाहून, कुणा देशाने आपले आकाश मिटले तर ते टाळून, विमाने थोडी वाकडी जातात. पण अंतर मोजायचे ते या दोऱ्याने.

आईने दोरा हातात घेतला. "वीतभर तर आहे!" मग म्हणाली, "पोचायला वेळ किती?"

थेट विमान असले तर जाताना पंधरा-सोळा तास. येताना तासभर तरी कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात.

"म्हणजे पोरीला माहेरी येताना वारा पाठीशी," आई म्हणाली. "देवाने बरं योजलंय."

गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. पहाटेचे चार वाजले होते. न्यूयॉर्कात आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. फोनवर बहीण एवढेच म्हणाली, "दादा, मी निघते. थांबशील ना?"

मास्तराच्या सवयीने मी कागदावर बेरीज मांडली. त्याच रात्रीचे विमान मिळाले असे धरले. विमानात पंधरा तास. मुंबईला उतरल्यावर बाहेर पडायला तास-दीड तास. आणि मग विमानतळापासून आमच्या कोकणातल्या गावापर्यंतचे साडेतीनशे किलोमीटर. भर पावसात नऊ तास! साडेबारा हजारांना पंधरा, नि साडेतीनशेंना नऊ. बेरीज तिसाच्या घरात गेली. बाहेर पाऊस कोसळत होता, माणसे पडवीत ताटकळत होती. गावात बर्फ मिळत नाही.

मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. रिकाम्या खाटेकडे पाहिले, पण मला एका शब्दाने बोलली नाही. त्या न बोलण्याचेच मला भय वाटले.

दिवसवार झाले. परतण्याच्या आदल्या रात्री ती त्या गोलापाशी बसली होती. दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "विमानात मी सारखी घोकत होते, वारा पाठीशी आहे, वारा पाठीशी आहे. आई दर फोनवर सांगायची."

"मी थांबायला हवं होतं का गं?" मी विचारले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बेरीज मीही केली होती, दादा. तरी विचारलं."

यंदा भाऊबीजेला ती येते आहे. गोल पुसून ठेवला आहे. आणि या खेपेला मी मुंबईला विमानतळावरच जाऊन उभा राहणार आहे. ते नऊ तास तरी तिने एकटीने काढायचे नाहीत.