पाच विषय, तीन भाषा

भोकरदन तालुक्यातल्या माझ्या बहिणीच्या गावात मराठी शाळा आठवीपर्यंतच. पुढं रोज एसटीनं जा-ये करायला घरातून परवानगी मिळेना. भाची दोन वर्षं घरीच वाचत राहिली. सोळावं लागलं, तसा दहावीचा प्रश्न उभा राहिला.

सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसता आलं असतं. आम्ही मुक्त विद्यालय निवडलं, १९८९ साली सुरू झालेलं, आजचं एनआयओएस. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घरकाम सांभाळून शिकणाऱ्या मुलीला हे सोयीचं.

विषय पाच, त्यांत भाषा जास्तीत जास्त दोन. अम्मी म्हणाली, "उर्दू ले बेटी, अपनी जबान है." दूल्हाभाईंना वाटे, विज्ञानाऐवजी गृहविज्ञान घ्यावं, पोरगी सहज पास होईल. भाचीला मात्र नर्स व्हायचंय. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. दहावीलाच विज्ञान सोडलं तर पुढची वाट बिकट होते. मी तेवढंच समजावून सांगितलं.

तिनं उर्दू, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र निवडलं.

"मग मराठी?" मी विचारलं.

"मामू, माध्यम मराठीच आहे की! विज्ञान मी मराठीतच वाचणार."

नर्सिंगला पाठवायचं की नाही, यावर दूल्हाभाई अजून बोललेले नाहीत. परीक्षेला केंद्रावर मात्र तेच सोडणार आहेत.