समासातली नोंद

गेल्या वर्षी एका शुक्रवारी पुण्याचं एक जोडपं माझ्या ऑफिसात आलं. गोव्यातल्या आमच्या म्हापशात शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून दोघं तासभर उशिरा, घामाघूम होऊन पोचली. बसल्या बसल्या त्यांनी मोबाईलवरचे फोटो दाखवले. हणजूणचं जुनं घर, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, लाकडी जिना आणि वर कौलांखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध माळा. घराचे चार भाग करून विकायला काढले होते, त्यातला हा माळा त्यांना हवा होता. दलालाने त्याला 'लॉफ्ट' म्हटलं होतं. सत्तरच्या दशकात तिथे एक परदेशी चित्रकार राहून गेला, असंही सांगितलं होतं.

"वकीलसाहेब, कागद सगळे क्लिअर आहेत म्हणतात. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

जमिनीचे आणि घरांचे कागद वाचणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. फक्त एकदा नजर टाकून आमच्या बार्देश तालुक्यातलं जुनं घर कळत नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

हणजूणला कलाकारांचं वलय आहे, हे खरंच. शेजारच्या साळगावात १९२४ साली चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा जन्मले. साठ-सत्तरच्या दशकांत हणजूणच्या घरांतून परदेशी तरुण भाड्याने राहिले. त्यांच्यात गाणारे होते, चित्रं काढणारे होते, नुसते समुद्राकडे बघत बसणारेही होते. पण त्या वलयाला किंमत पडते, आणि ती किंमत मोजताना कायदा विसरला जातो. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलाकार कारखान्यांच्या रिकाम्या मजल्यांवर बेकायदा राहत होते. १९७१ साली तिथले नियम बदलून प्रमाणित कलाकारांना राहण्याची मुभा मिळाली. तिथला माळा विकत घेणाऱ्याला आजही त्या नियमाची चौकशी करावी लागते. आमच्याकडे चित्रकार राहून गेला असेल, तर माझा पहिला प्रश्न असतो, तो कोणत्या नात्याने राहिला? भाडेकरू म्हणून राहिला असेल, तर १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली त्याचा किंवा त्याच्यामागून आलेल्या कुणाचा हक्क शिल्लक आहे का, ते पाहावं लागतं.

मग माळ्याचा प्रश्न. माळा विकत घ्यायचा म्हणजे नेमकं काय घ्यायचं? खालच्या जमिनीत अविभक्त हिस्सा किती? जिना कुणाचा? आणि कौलं कुणाची? आमच्याकडे दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करावी लागते. फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या. ते केलं नाही, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी थेट माळ्यावरच्या माणसाच्या अंथरुणात. खालचे तिघे म्हणणार, आमच्याकडे गळत नाही, आम्ही पैसे का द्यावे? या जोडप्याला दाखवलेल्या मसुद्यात छपराबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. एका घराची चार घरं करायला नगर नियोजन खात्याची आणि पंचायतीची परवानगीही लागते. तिचा उल्लेख होता, प्रत जोडलेली नव्हती.

घर किनाऱ्याजवळ होतं, म्हणून आणखी एक कागद मी मागवला. किनारी नियमनाची अधिसूचना निघाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी. घर त्याआधीचं आहे हे घराकडे बघून कुणीही सांगेल, पण कार्यालयाला कागद लागतो. पंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या पावत्या इथे सोन्याच्या मोलाच्या ठरतात. सुदैवाने विकणाऱ्याच्या घरी एका बिस्किटाच्या डब्यात त्या मिळाल्या.

पण घराचा खरा शोध भिंतींत लागत नाही, तो माणसांत लागतो. त्याचं कारण आमच्याकडची पोर्तुगीज नागरी संहिता. ती १८६७ ची, गोव्यात १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न होताच नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेचे निम्मे मालक होतात, वडिलोपार्जित मालमत्तेचेसुद्धा. आईबाप मृत्युपत्राने फक्त अर्धा भाग मनासारखा देऊ शकतात, उरलेला अर्धा मुलांचाच, आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने. हा कायदा मला मनापासून प्रिय आहे. मुंबई-पुण्यात मुली हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या, त्या काळात आमच्याकडे तो कागदावर होता. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला, त्याचा अंमल २०१६ पासून झाला, तरी गाभा तोच.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की बार्देशातलं जुनं घर एका माणसाचं क्वचितच असतं. ते एका वंशावळीचं असतं, आणि वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे त्याचा जोडीदार असतो. त्यातले काही लिस्बनला, काही इंग्लंडात स्विंडनला, काही मुंबईत गिरगावात. जोवर वाटणी झालेली नाही, तोवर कुणी आपला हिस्सा विकू शकतो, पण 'ही खोली माझी' म्हणून खोली विकू शकत नाही. बाहेरून आलेले लोक मला जमिनीच्या मोजणीचा एक-चौदाचा उतारा दाखवतात आणि म्हणतात, यात नाव आहे. सत्तरच्या दशकातल्या मोजणीत जो दारात उभा होता, त्याचं नाव पुष्कळदा चढलं. त्या नावाने मालकी सिद्ध होत नाही. मी मागे जातो, जुन्या जमीन नोंदणीतल्या 'दिश्क्रिसांव' म्हणजे मालमत्तेच्या वर्णनापर्यंत आणि 'इन्श्क्रिसांव' म्हणजे हक्काच्या नोंदीपर्यंत, मग पोर्तुगीज काळातल्या खरेदीखतांपर्यंत, वारसांमधल्या वाटणीच्या म्हणजे इन्व्हेंटरीच्या निकालापर्यंत. आणि हे सगळं पूर्वीपेक्षा जास्त सावधपणे, कारण जुने कागद बनावट करून जमिनी लाटल्याची प्रकरणं इतकी वाढली, की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं.

हणजूणच्या या घराची साखळी वरवर पाहता पक्की होती. आजोबा, विधवा आजी, पाच मुलं. ऐंशीच्या दशकातल्या खतावर चौघांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या होत्या. पाचवा मुलगा आधीच वारलेला, त्याच्यापुढे लिहिलं होतं 'सोल्तैरो', अविवाहित. वारस नाही, म्हणून विषय संपला.

मी अविवाहित या शब्दावर कधीच विश्वास ठेवत नाही. वकिलीच्या दुसऱ्याच वर्षी अशाच एका घराचे कागद बरोबर आहेत अशी मी सही केली होती, आणि एका सुनेची सही राहून गेली होती. माझ्या अशिलाला त्याच घराचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागले. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून सिव्हिल रजिस्ट्रीतून पाचव्या मुलाच्या जन्मनोंदीची नक्कल काढली. टंकलेली नाही, मूळ पानाची. त्या पानांना रुंद समास असतो. माणसाचं पुढे लग्न झालं, की समासात टीप चढते. टीप होती. शाई फिकी, अक्षर तिरकं, पण वाचता येत होतं. मोझांबिकमध्ये लग्न झालं होतं, बायकोचं नाव दिलं होतं.

ती हयात होती. लिस्बनजवळ राहत होती. तिला या घरात काही हक्क आहे, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पुढचे अकरा महिने तिच्यामागे गेले. विकणाऱ्यांनी तिचा हिस्सा पैशात मान्य केला, तिथून मुखत्यारपत्र आलं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावला. पुण्याची मंडळी थांबली. दरम्यान भाव वाढले, दलाल रोज फोन करत होता, तरी थांबली. मला त्यांचं कौतुक वाटतं.

थांबल्यामुळे आणखी एक गोष्ट नीट झाली. घरामागे, फणसाच्या झाडाखाली, एक म्हातारी राहत होती. दलालाच्या भाषेत 'केअरटेकर, सांगितलं की जाईल.' मी तिच्याकडे गेलो. शेणाने सारवलेली ओटी, चूल, आणि चौकटीवर पत्र्याची छोटी पाटी. पाटीवरचा घरक्रमांक मोठ्या घराचा नव्हता, वेगळाच होता. तिची आई या घराच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, परवानगीने इथे राहायला आली होती. म्हणजे ती मुंडकार होती. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिला सहजासहजी काढता येत नाही, आणि गावात ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा घरासह विकत घेण्याचा तिला अधिकार आहे.

विक्रीआधी मामलेदारांपुढे तिचा अर्ज करून घेतला. तिने माझ्याकडे आणलेलं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीवर आणखी एक पिशवी, असं गुंडाळलेलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये म्हापशाच्या उपनिबंधक कार्यालयात खत नोंदलं गेलं. छपराचं कलम त्यात आहे, शाकारणीचा खर्च चौघांनी सारखा वाटून १५ मेपूर्वी करायचा. सोबतच्या नकाशावर लाल रेघ मोठ्या घराभोवती फिरते, फणसापाशी आत वळते, आणि म्हातारीचं घर बाहेर ठेवून पुढे जाते.