अवधानाचें मोल

मनुष्याच्या लक्षाचें मोल कसें ठरवावें, हा प्रश्न वरवर वेदान्ताचा वाटेल. परंतु अमेरिकेंतील वैद्यकीय बिलांत तो नित्याच्या हिशेबाचा झाला आहे.

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया चालली असतां मज्जातंतूंस इजा होत आहे, हें बेशुद्ध रोगी कसें सांगणार? म्हणून हातापायांच्या तंतूंस सूक्ष्म विद्युत्संदेश देऊन ते मेंदूपर्यंत पोंचतात कीं नाहीं, हें यंत्रावर पाहतात. संदेश क्षीण होतांच शस्त्रवैद्यास इशारा मिळतो. ही विद्या वंदनीय आहे, यांत संशय नाहीं.

आमच्या भाचीवर २०१७ सालीं ह्यूस्टन येथें अशी शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय व शस्त्रवैद्य दोन्ही तिच्या विम्याच्या यादींतले. परंतु पुढें हजारों डॉलरांचें बिल आलें तें एका तिसऱ्याच कंपनीचें. तिचें नांवहि भाचीनें ऐकलें नव्हतें. "मामा, यांत शब्द थोडे नि आंकडेच फार," असें लिहून तिनें तें आमच्याकडे पाठविलें.

हे आंकडे म्हणजे सूत्रेंच होत. भाष्यावांचून उलगडत नाहींत. ९५९४० हा शस्त्रक्रियागृहांत बसून एकाच रोग्याकडे लक्ष देणाराचा. मोजणी १५ मिनिटांची. ९५९४१ हा दूर बसून, किंवा एकाच वेळीं अनेक रोग्यांवर, लक्ष ठेवणाराचा, मोजणी तासाची. दोन्ही उपसर्गांप्रमाणें परतंत्र. तंतूंच्या मूळ परीक्षेच्या आंकड्यास जोडूनच ते लिहितां येतात. वृद्धांसाठीं असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना ९५९४१ मानीतच नाहीं. दूर बसणारासाठीं तिचा जी०४५३ हा निराळा आंकडा आहे, आणि त्या १५ मिनिटांत लक्ष एकाच रोग्याकडे असावें, अशी तिची अट आहे.

भाचीच्या बिलांत ९५९४१ होता. तिनें लेखी विचारलें, "त्या तासांत आपण आणखी किती रोगी पाहत होतां?" उत्तर आलें नाहीं, मात्र महिन्याभरानें बिल निम्म्यावर आलें.

१ जानेवारी २०२२ पासून तेथील कायद्यानें यादींतील रुग्णालयांत यादीबाहेरच्या वैद्यास, रोग्याच्या लेखी संमतीवांचून, अशी जादा रक्कम सहसा मागतां येत नाहीं. हें उत्तम झालें. परंतु कायदा पैशाचें रक्षण करितो. लक्ष कोणाचें व किती, हें रोग्याच्या आप्तांनींच आधीं विचारलें पाहिजे. सभेंत शतावधानी पुरुषाचें कौतुक खुशाल करावें. शस्त्राखालीं निजलेल्या मनुष्यास मात्र एकावधानीच हवा. ज्यांचीं मुलेंबाळें त्या देशीं आहेत, त्या वाचकांनीं एवढें त्यांस अवश्य लिहून कळवावें.